कुठंच न बसणारं यंत्र

यंत्र इटलीहून निघालं, समुद्र ओलांडून आलं, रेल्वेनं वर्धा जिल्ह्यातल्या कंटेनर डेपोपर्यंतही सुखरूप पोचलं. पण ते नेमकं काय आहे हे कुणालाच सांगता येईना, म्हणून तिथंच अडकलं.

"काकाजी, कस्टमच्या मॅडम विचारून राह्यल्या, हे मशीन म्हणजे हाय काय?" फोनवर योगेंद्र विचारत होता. योगेंद्र हिंगणीचा. घरी शेती होती; पण लोकांचा परदेशी माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका एजन्सीत तो नव्यानं लागला होता. मुलगा गुणी. फक्त समोरचा माणूस जे म्हणेल त्याला "हो, तसंच समजा" म्हणायची त्याला सवय होती.

ओमप्रकाशजी त्या वेळी हिंगणघाटच्या आपल्या ओतकामाच्या कारखान्यात, थंड पडलेल्या भट्टीच्या काठाशी उभे होते. दिवाळी नुकतीच झाली होती. पत्र्याच्या फटीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्या उन्हात कुठल्याशा जिनिंगमधून उडत आलेले कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. ते खाली येताहेत की वर चाललेत, हे पाहण्यात ओमप्रकाशजी गुंगले होते.

"योगेंद्र," ते म्हणाले, "वणा नदीत उभा असलेला बगळा पाह्यला का तू?"

"पाह्यला ना."

"तसं हाय थे. मान लांब करते, हळूच खाली घालते, अन् जुनं जुनं सारं टिपून काढते."

योगेंद्रनं पेनचं टोपण काढलं. "काकाजी," मग त्यानं विचारलं, "बगळा लिहू का मंग?"

ओमप्रकाशजींच्या घराण्यात आजोबांनी कापसाचा व्यापार केला, वडिलांनी जिनिंगच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं आणि त्यांनी ते भाग ओतायला स्वतःची भट्टी उभी केली. धंद्यात ते कच्चे नव्हते. फक्त ते जिथं उभे असत तिथं पुरते नसत. त्यांची बायको विमलाबाई म्हणायच्या, "यायले हाक मारली का आवाज आधी पोचते, माणूस मांगून येते."

हे यंत्र मात्र त्यांनी पुरतं जागं राहून घेतलं होतं. भट्टीला आतून न जळणाऱ्या मातीचं अस्तर असतं. ते झिजलं की जुनं फोडून नवं लावावं लागतं. आजवर हे काम तानबा करत आला. हातोडा-छिन्नी घेऊन तो भट्टीत उतरायचा आणि संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा पांढराफटक होऊन वर यायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याला खोकला लागला तो जाईना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला, मान हलवली आणि धूळ बंद म्हणून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तानबाची बायको रुख्मिणी कारखान्याच्या फाटकात येऊन उभी राहिली.

"शेठ, याच्यापुढं हा माणूस त्या भट्टीत उतरला, त मी अथीच फाटकात येऊन बसीन. तुमच्या गाड्या माह्या अंगावरून न्या लागतीन."

ओमप्रकाशजींनी तिला शब्द दिला आणि यंत्र मागवलं. तीन पेट्यांत तीन भाग होते. एक लांब हात, जुनं अस्तर फोडणारा. एक हादरे देणारं लोखंडी डोकं, नवी माती ठासून बसवणारं. आणि ते डोकं भट्टीत सोडायला तीन पायांची घोडी, तिच्या साखळीला टांगलेलं गोल ताट, खाली-वर होणारं.

सीमाशुल्काच्या जाड पुस्तकात जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या खणात बसवलेली आहे. घोडा एका खणात, घोड्याची नाल दुसऱ्यात. खण ठरला की कर ठरतो, परवानग्या ठरतात, आणि मगच फाटक उघडतं. डेपोतलं हे पुस्तक सपना मॅडमच्या टेबलावर होतं. मॅडम मूळच्या आर्वीकडच्या रोहण्याच्या. हुशार आणि कडक. घरी लहान मूल होतं, ते दिवसा झोपायचं आणि रात्री गप्पा मारायचं. त्यामुळं मॅडमचे डोळे कायम लाल असत आणि लोकांना वाटायचं, त्या रागावल्या आहेत.

योगेंद्रनं बगळा लिहिला नाही. त्यानं लिहिलं : भट्टीचा सुटा भाग.

"भट्टी याच्याशिवाय चालते का?" सपना मॅडमनी विचारलं.

"चालते ना मॅडम."

"मग हा भट्टीचा भाग कसा? नांगर हा बैलाचा भाग असतो का?"

योगेंद्र शेतकऱ्याचा मुलगा. "नसते," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"हे ताट खाली-वर जातं म्हणता. म्हणजे लिफ्ट?"

"हो मॅडम, लिफ्टच समजा."

"लिफ्टला वेगळी परवानगी लागते. आणि हे हादरे देणारं? मालिश करतं का?"

"भट्टीची मालिशच समजा."

"मालिशची यंत्रं दवाखान्याच्या सामानात येतात. त्याला आरोग्यवाल्यांचा कागद लागेल." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणि योगेंद्र, मी काही समजणार नाही. मी फक्त वाचणार. मालकांचा नंबर द्या."

मालकांचा फोन घरी पाण्याच्या माठावर राहिला होता. मालक वणेच्या पुलावर उभे राहून पाणी पाहत होते. फोन वाजला तो विमलाबाईंनी घेतला. गॅसवर कुकर शिट्ट्या देत होता आणि दाराशी भाजीवाला ओरडत होता.

"तुमचं यंत्र काय काम करतं?" सपना मॅडमनी विचारलं.

"अस्तर लावते बाप्पा."

"अस्तर? कशाला?"

"भट्टीले!" विमलाबाई ओरडल्या, पण नेमकी त्याच क्षणी कुकरनं शिट्टी मारली, आणि पलीकडे ऐकू गेलं, "पट्टीले!"

अस्तर, पट्टी, आणि गाव हिंगणघाट, म्हणजे कापडाच्या गिरण्यांचं. सपना मॅडमच्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. हे कपडे शिवायचं यंत्र! पण मग एजंट भट्टीचं नाव का सांगतो? कागदावर एक लिहिलंय, मालकांच्या घरून दुसरंच सांगतात, एजंट सगळ्यालाच हो म्हणतो, म्हणजे इथं काहीतरी लपवलं जातंय. त्यांनी पेट्यांवर माल रोखल्याची लाल पट्टी चिकटवायला सांगितली.

"काकाजी," योगेंद्रचा रडवेला फोन आला, "तुमी शिलाई मशीन मागवली का?"

"नाई रे."

"मंग काकूनं तसं काऊन सांगतलं? आता मॅडम म्हणतात, उद्या येऊन चालवून दाखवा. नाई त माल वापस इटलीले."

इकडे जिनिंगवाल्यांचे फोन सुरू झाले होते. कापूस यायला लागला होता. हायवेवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर पांढरे पुंजके अडकले होते. तुटलेल्या पुल्या, झिजलेले गियर सगळ्यांना आजच हवे होते. ओमप्रकाशजी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जात असतानाच त्यांना तानबा दिसला. नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळून, हातात छिन्नी घेऊन तो भट्टीच्या काठावर बसला होता. एक पाय आत होता.

"तानबा! काय करून राह्यला तू?"

"काई नाई शेठ. उतरून पाहतो म्हटलं. तुमची मशीन येते तंवरी सीजन निंगून जाईन."

ओमप्रकाशजींनी त्याच्या दंडाला धरलं आणि वर ओढलं. "तू उतरला त मी हे सारं बंद करून टाकीन," ते म्हणाले. "ऐकलं का? कुलूप लावीन."

तानबानं मालकांना एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यानं मुकाट्यानं दुपट्टा सोडला. पण ओमप्रकाशजींना भरवसा वाटेना. आपण डेपोत गेलो आणि मागं हा उतरला तर? म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला गाडीत आपल्या शेजारीच बसवलं. विमलाबाईंना आपल्या फोनचा प्रताप कळला होता. त्यांनी बेसनाच्या पाटोडीच्या झणझणीत रश्श्याचा आणि भाताचा मोठा डबा मागच्या सीटवर ठेवला. "मॅडमले देजो पह्यले," त्या म्हणाल्या, "अन् म्हणजो, शिट्टीचा कसूर होता."

डेपोत भट्टी नव्हती. ज्यात यंत्र सोडून दाखवायचं ते भोकच नव्हतं. योगेंद्रनं सगळं आवार धुंडाळलं. शेवटी कुंपणाजवळ कुणीतरी विहिरीसाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या रिंगा त्याला सापडल्या. हमालांनी दोन रिंगा एकावर एक रचल्या. "ही भट्टी," योगेंद्र म्हणाला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. "समजा," तो हळूच म्हणाला.

फोडणारा हात फार जड होता, तो पेटीतच ठेवून नुसतं झाकण काढलं. हादरे देणाऱ्या डोक्याला दाबाची हवा लागत होती, ती डेपोत नव्हती. राहिली घोडी आणि ताट. ती विजेवर चालत होती. घोडी रिंगांवर उभी केली, पण रिकामं ताट वाऱ्यानं गिरक्या घेऊ लागलं.

"वजन पाह्यजे," योगेंद्र म्हणाला. सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मग सगळ्यांनी तानबाकडं पाहिलं. तानबा कुणी सांगायच्या आत ताटावर मांडी घालून बसला.

पण बटण दाबायच्या आधी जेवणं झाली. सपना मॅडम नको म्हणाल्या होत्या. पण डब्याचं झाकण निघालं आणि त्यांचा आवाज बदलला. "आमच्या रोहण्याले माही माय अशीच पाटोडी करते," त्या म्हणाल्या आणि दोनदा भात घेतला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत सगळे जेवले. मग कडुलिंबाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या गेल्या. ओमप्रकाशजींनी रिमोट हातात घेतला आणि बटण दाबलं.

यंत्र गुणगुणू लागलं. आवाज लहान होता, दूरच्या शेतात कुणी मळणी करत असावं तसा. ताट तानबाला घेऊन सावकाश रिंगेत उतरलं, खाली टेकलं, थोडं थांबलं आणि तितक्याच सावकाश वर आलं. वर आलं की तानबाच्या पागोट्यावर ऊन पडायचं, खाली गेलं की जायचं. लिंबाची पिवळी पानं एकेक करून गळत होती. मॅडम टिपणं घेत होत्या. एका ओळीवर त्यांचं पेन जरा रेंगाळलं, मग ओळ सोडून खाली घसरत गेलं आणि कागदाच्या कडेला थांबलं. योगेंद्रची हनुवटी छातीला लागली.

ओमप्रकाशजींना स्वप्न पडलं. सगळं हिंगणघाट एका खिडकीपुढं रांगेत उभं होतं आणि खिडकीतून विचारणा होत होती, "तुम्ही कशात मोडता?" भाजीवाला भाजीत गेला. जिनिंगवाले कापसात गेले. विमलाबाईंवर तर विचारायच्या आतच शिक्का बसला आणि त्या पदर खोचून पुढं निघूनही गेल्या. ओमप्रकाशजींची पाळी आली. आतल्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुस्तक उघडलं. पानं उलटली. आणखी उलटली. मागं रांग वाढत चालली होती, पानांचा वारा तोंडावर येत होता, आणि आतला माणूस फार अदबीनं म्हणत होता, "थांबा हं, सापडेल."

बोलण्याच्या आवाजानं सपना मॅडमना जाग आली. कितीतरी महिन्यांत त्यांना अशी झोप लागली नव्हती. आधी त्यांना आपण कुठं आहोत तेच कळेना. मग दिसलं, की घोडीपुढं ट्रक ड्रायव्हरांची रांग लागली आहे. माल भरायची वाट पाहत डेपोत बसलेले सगळे तिथं जमले होते. एकानं लुंगी आवरून धरली होती.

"काय चाललंय इथं?" मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"लाइनीत या बाई," लुंगीवाला म्हणाला. "आमचा नंबर पह्यला हाय. थो बुढा उठला का मी बसीन."

ताट वर आलं. तानबा त्यावर मांडी घातलेल्या अवस्थेतच गाढ झोपला होता. ताट पुन्हा खाली गेलं.

"तिकीट नाई ना?" मागून एकानं विचारलं.

योगेंद्र दचकून जागा झाला. समोरचा देखावा पाहून त्याचा धीर सुटला. "मॅडम," तो म्हणाला, "जत्रेतला पाळणाच समजा!"

सपना मॅडमनी कपाळाला हात लावला. जत्रेतल्या पाळण्यांनाही पुस्तकात एक खण होता, आणि तो त्यांना पाठ होता. भट्टीचा भाग, लिफ्ट, मालिश, शिलाई आणि आता जत्रा. त्या ओमप्रकाशजींपुढं जाऊन उभ्या राहिल्या. ओमप्रकाशजी अजून स्वप्नातल्या खिडकीपुढंच होते. अंगठा बटणावर तसाच होता.

"काका, जागे व्हा. आता लिफ्ट नको, मालिश नको. खरं एकच सांगा. हे यंत्र घेतलं कशासाठी?"

ओमप्रकाशजींनी डोळे उघडले. उपमा सुचायला वेळच मिळाला नाही. "या माणसाले," त्यांनी तानबाकडं बोट केलं, "भट्टीत उतरा लागू नये म्हणून."

मॅडमनी वळून पाहिलं. तानबा त्याच क्षणी शांतपणे रिंगेत उतरत होता. आधी मांडी दिसेनाशी झाली, मग खांदे, मग पागोटं.

"थो त उतरूनच राह्यला!" मॅडम म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना. खुर्चीला धरून त्या हसत होत्या आणि ते पाहून ड्रायव्हरही हसायला लागले. ओमप्रकाशजींनी घाईघाईनं यंत्र बंद केलं, तसा तानबा रिंगेच्या आतून म्हणाला, "काऊन बंद केलं?"

हसणं ओसरल्यावर ओमप्रकाशजींनी मॅडमना तानबाच्या छातीचं सांगितलं, धुळीचं सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या.

"तिन्ही पेट्या मिळून काम एकच?"

"एकच. जुनं अस्तर काढाचं, नवं बसवाचं. आतमंधी माणूस न जाता."

सपना मॅडमनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि यंत्रांच्या प्रकरणात मागं, अगदी मागं गेल्या. बोट ठेवून त्यांनी वाचलं. "स्वतःचं वेगळं काम असलेली, पण या प्रकरणात इतरत्र कुठंही न मोडणारी यंत्रं."

"असाही खण हाय?" ओमप्रकाशजींनी विचारलं.

"हाय ना. पण पार मांगं हाय. तथवर कोणी वाचतच नाई. आज मी ताज्या डोक्यानं वाचलं म्हणून सापडला."

ओमप्रकाशजी त्या ओळीकडं खूप वेळ पाहत राहिले. "मॅडम," ते संकोचून म्हणाले, "याच्यात फक्त मशिनाच घेता का?"

मॅडमनी लाल पट्टी काढायला सांगितली.

यंत्र हिंगणघाटला आलं. भट्टीच्या तोंडावर बगळ्यासारखी मान घालून त्यानं पहिला ठोसा दिला, तेव्हा आतून धुळीचा ढग उसळला आणि पत्र्याला जाऊन लागला. तानबा मात्र आवारातल्या झाडाखाली, पार लांब, रिमोट घेऊन उभा होता. त्याच्या शेजारी रुख्मिणी उभी होती. शब्द पाळला जातो की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला ती मुद्दाम आली होती. तानबा खोकला नाही. ती प्रत्येक ठोशाला त्याच्या तोंडाकडं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत धूळ बसली. कारखान्यातल्या पोरांनी वरूनच, लांब दांड्याच्या झाडूनं तळ झाडून काढला आणि भट्टी आतून रिकामी, स्वच्छ झाली. नवी माती भरायची तेवढी राहिली होती. मातीची पोती रचून ठेवली होती. जिनिंगवाल्याचा माणूस पुल्यांसाठी टेम्पो घेऊन दारातच येऊन बसला होता. रुख्मिणी काठावर आली आणि वाकून आत पाहू लागली.

"मले पाहाचं हाय," ती म्हणाली.

"काय?" तानबानं विचारलं.

"इतकी वर्सं तू कुठी जाऊन बसत होता, थे."

"अवं, काईच नाई तथी."

"काई नाई त पाहू दे ना."

ओमप्रकाशजी नको म्हणेपर्यंत ती लुगडं सावरून ताटावर बसलीही होती. तानबानं मालकांकडं पाहिलं. मालकांनी मान डोलावली. तानबानं बटण दाबलं, आणि ते दुरून ऐकू यावं असं गुणगुणणं सुरू झालं. रुख्मिणी दोन्ही हातांनी साखळी धरून सावकाश खाली गेली. ताट टेकलं. तानबानं बटण सोडलं. आवाज थांबला आणि सगळीकडं शांत झालं.

बाहेर एक गाडी गेली. आतून काही हालचाल ऐकू येईना.

"आणू का वर?" तानबानं विचारलं.

उत्तर आलं नाही. तो घाबरून काठाशी गेला आणि त्यानं आत डोकावलं. रुख्मिणीनं पाय लांब केले होते. पाठ भट्टीच्या भिंतीला टेकली होती. ती मान मागं टाकून वर पाहत होती. तिच्या अंगावर वरचं गोल ऊन पडलं होतं.

"रुख्मे! नवी माती भराची हाय. भट्टी पेटवाची हाय. लोक खोळंबले."

"पेटवजो ना," आतून घुमत आवाज आला. "आत्ताच कुठी टेकली मी. घरी बसू देता का कोणी मले इतकं?"

दारातून टेम्पोवाला ओरडला, "काकाजी, किती टाइम हाय अजून?"

ओमप्रकाशजींनी भट्टीकडं पाहिलं, मग तानबाकडं पाहिलं. "आतमंधी माणूस बसून राह्यलं," शेवटी ते म्हणाले.

तानबानं रिमोट खिशात घातला. "शेठ, हे आता लवकर वर याची नाई," तो म्हणाला. "मी साऱ्यायसाठी चाय सांगून येतो."

तो दारापर्यंत पोचला असेल नसेल, तोच भट्टीच्या तळातून हाक आली.

"माह्या चायमंधी साखर कमी सांगजो!"